कोलेस्टेरॉल उतरवणारी बाटली आणि डबा : बेनेकॉल व फ्लोरा प्रोअ‍ॅक्टिव्ह यांचे परीक्षण

ब्रिटनमधील कोणत्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये दह्याच्या पेयांचा विभाग पाहिला, तर पचनासाठी घ्यावयाच्या जीवाणूयुक्त पेयांच्या शेजारी तशाच आकाराच्या, पण अगदी वेगळ्या कामाच्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. त्यांच्यावर रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्याचा दावा ठळक अक्षरांत छापलेला असतो. या प्रकारातील सर्वांत जुने नाव म्हणजे बेनेकॉल. लोण्याच्या आणि मार्जरीनच्या विभागात हाच दावा करणारा डबा फ्लोरा प्रोअ‍ॅक्टिव्हचा असतो. दोन्ही उत्पादनांतील कार्यकारी घटक एकाच कुळातील, कोलेस्टेरॉलशी साम्य असलेले वनस्पतींतील पदार्थ आहेत : बेनेकॉलमध्ये वनस्पतिजन्य स्टॅनॉल, तर फ्लोरामध्ये वनस्पतिजन्य स्टेरॉल. इंग्लंडमध्ये चाळीस ते चौऱ्याहत्तर या वयोगटासाठी जी आरोग्य तपासणी होते, तिच्यात कोलेस्टेरॉल 'थोडे वाढलेले' निघाले आणि डॉक्टरांनी गोळी सुरू न करता आहाराकडे लक्ष देण्यास सांगितले, की आपल्याकडील अनेक जण या दोन वस्तूंपाशी येऊन थांबतात. म्हणून त्यांची नीट, दावा आणि पुरावा समोरासमोर ठेवून पाहणी करणे मला आवश्यक वाटले.

प्रथम दावा पाहू. युरोपीय नियमांनुसार, दररोज दीड ते सुमारे अडीच ग्रॅम स्टेरॉल किंवा स्टॅनॉल घेतल्यास दोन ते तीन आठवड्यांत एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटले जाणारे, कोलेस्टेरॉल सात ते दहा टक्क्यांनी उतरू शकते, असे उत्पादकांना म्हणता येते. बेनेकॉलच्या एका छोट्या बाटलीत, म्हणजे साडेसदुसष्ट ग्रॅम पेयात, दोन ग्रॅम स्टॅनॉल असते. त्यामुळे दिवसाला एक बाटली पुरते. फ्लोरा प्रोअ‍ॅक्टिव्हमध्ये शंभर ग्रॅमला साडेसात ग्रॅम स्टेरॉल असल्याने दिवसभरात दहा-दहा ग्रॅमचे तीन वाटे खावे लागतात. दहा ग्रॅम म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे. या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ असा : ज्याचे एलडीएल ब्रिटिश अहवालात ४.० मिलिमोल, म्हणजे भारतीय अहवालांतील एककात सुमारे १५५ आहे, त्याचे ते ३.६ ते ३.७ पर्यंत, म्हणजे १४० ते १४४ च्या आसपास यावे. हा उतार लहान असला, तरी केवळ एका खाद्यपदार्थाने घडवलेला म्हणून तो नगण्यही नाही.

हा दावा हवेतला नाही, हे या उत्पादनांच्या बाजूने आधीच सांगितले पाहिजे. आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांत इतका भक्कम प्रयोगसिद्ध आधार क्वचितच आढळतो. वनस्पतींतील सिटोस्टेरॉल या स्टेरॉलमुळे कोलेस्टेरॉल उतरते, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होते आणि अमेरिकेतील इलाय लिली कंपनीने 'सायटेलिन' या नावाने ते औषध म्हणून विकलेही होते. परंतु शुद्ध स्टेरॉल पाण्यात विरघळत नाही आणि तेलातही फारसे विरघळत नाही. त्यामुळे ते खडूच्या भुकटीसारखे, मोठमोठ्या मात्रांत घ्यावे लागे आणि रुग्ण कंटाळून जात. हा पेच फिनलंडमध्ये सुटला. तेथील राइसिओ कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी स्टॅनॉलला वनस्पती तेलातील मेदाम्लाशी जोडून त्याचे एस्टर बनवले आणि हे एस्टर मार्जरीनमध्ये सहज मिसळू लागले. आरंभीच्या मालासाठी लागणारे स्टेरॉल पाइन वृक्षांपासून कागदाचा लगदा करताना बाजूला निघणाऱ्या तेलातून मिळवले जाई. जंगल आणि कागद यांवर उभ्या असलेल्या देशाला हे सुचावे, यात नवल नाही.

याची चाचणीही फिनलंडच्याच नॉर्थ करेलिया प्रांतात झाली. एके काळी हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंसाठी हा प्रांत जगात कुप्रसिद्ध होता आणि १९७२ पासून तेथे आहार व जीवनशैली बदलण्याचा मोठा सार्वजनिक प्रकल्प चालू होता. कोलेस्टेरॉल किंचित वाढलेल्या १५३ स्त्री-पुरुषांना एक वर्षभर मार्जरीन देण्यात आले; काहींच्या मार्जरीनमध्ये स्टॅनॉल होते, काहींच्या नव्हते. तातू मिएत्तिनेन, पेक्का पुस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार स्टॅनॉल घेणाऱ्यांचे एकूण कोलेस्टेरॉल सरासरी दहा टक्क्यांनी आणि एलडीएल सुमारे चौदा टक्क्यांनी उतरले, तर दुसऱ्या गटात जवळपास काहीच बदल झाला नाही. त्याच वर्षी बेनेकॉल फिनलंडच्या बाजारात आले. फ्लोरा प्रोअ‍ॅक्टिव्ह त्या वेळी युनिलिव्हर कंपनीचे होते. त्यातील स्टेरॉलयुक्त मार्जरीनला युरोपीय आयोगाची परवानगी २००० मध्ये मिळाली. तेव्हापासून आजपर्यंत लहान-मोठ्या अनेक चाचण्यांत, दोन्ही प्रकारांत, परिणाम साधारण त्याच पट्ट्यात आलेला आहे. स्टॅनॉल श्रेष्ठ की स्टेरॉल, या वादात ग्राहकाने वेळ घालवू नये. दोन ग्रॅमच्या मात्रेत त्यांच्यात लक्षात घेण्याजोगा फरक नाही.

हे घडते कसे, ते समजून घेतले तर वापरातील निम्म्या चुका टळतात. सिटोस्टेरॉलचा रेणू कोलेस्टेरॉलसारखाच असतो. फक्त त्याच्या शेपटीला दोन कार्बनचा एक जादा तुकडा असतो. आतड्यात कोलेस्टेरॉलला रक्ताकडे जाण्यासाठी पित्तक्षार आणि मेद यांच्या सूक्ष्म थेंबांत शिरावे लागते आणि या थेंबांत जागा मर्यादित असते. तेथे स्टेरॉल एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवणाऱ्या प्रवाशासारखे वागते. कोलेस्टेरॉलला जागा मिळत नाही आणि ते शौचावाटे बाहेर पडते. गंमत अशी, की जागा अडवणारे स्टेरॉल स्वतःही मुक्कामी पोहोचत नाही. आतड्याच्या पेशींत जे थोडे शिरते, त्यातील बहुतेक पेशी पुन्हा आतड्यात फेकून देतात. कोलेस्टेरॉल साधारण निम्मे शोषले जाते, तर स्टेरॉल पाच टक्क्यांहूनही कमी आणि स्टॅनॉल त्याहून कितीतरी कमी.

येथे आपल्याकडील शाकाहारी वाचकांचा एक रास्त प्रश्न येतो : आम्ही अंडे-मांस खातच नाही, मग आतड्यात अडवण्याजोगे कोलेस्टेरॉल येणार कोठून? ते येते यकृताकडून. यकृत रोज पित्तातून जेवढे कोलेस्टेरॉल आतड्यात सोडते, ते बहुतेकांच्या आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा जास्तच असते आणि एरवी त्यातील बराच भाग पुन्हा शोषला जातो. ही परतफेड अडली, की यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेऊ लागते. त्यामुळे हे उत्पादन शाकाहारी माणसालाही लागू पडते. मात्र पित्त जेवणाबरोबर सुटते, म्हणून ही बाटली उपाशीपोटी घेण्यात फारसा अर्थ नाही. सकाळी उठल्या-उठल्या कोमट पाणी आणि लिंबाच्या जोडीने ती पिऊन टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे निम्मे पैसे वाया जातात. पाकिटावर 'जेवणाबरोबर' असे लिहिलेले असते आणि ती सूचना शोभेची नाही.

आता चव आणि वापर. बेनेकॉलचे स्ट्रॉबेरीचे पेय दाटसर, गोड आणि किंचित आंबट आहे. स्टॅनॉलचा कोणताही वेगळा वास किंवा तेलकटपणा जिभेला जाणवत नाही आणि पूर्वी लोक ज्या भुकटीला कंटाळत होते, तिच्याशी तुलना केली तर हे तंत्रज्ञानाचे खरे यश आहे. अडचण वेगळीच आहे. वरण-भात, भाजी, कोशिंबीर असे जेवण झाल्यावर स्ट्रॉबेरीच्या चवीचे गोड दही पिणे आपल्या जिभेला पटत नाही. ताकाची जागा ते घेऊ शकत नाही आणि श्रीखंडाचीही नाही. म्हणून ते न्याहारीबरोबर, म्हणजे पोहे, उपमा किंवा टोस्ट यांच्यासोबत घेणे मला अधिक सोयीचे वाटते. न्याहारी मात्र खरोखरची हवी. नुसता चहा आणि एक बिस्किट म्हणजे जेवण नव्हे. प्रवासात आणि कार्यालयात बाटली सोपी पडते, मात्रा चुकत नाही आणि हिशेब ठेवावा लागत नाही, हे तिचे मोठे गुण.

फ्लोराच्या डब्याचे गणित उलट आहे. ते आपल्या जेवणात सहज मिसळते. गरम फुलक्यावर तुपाऐवजी ते लावले, तर चवीत फरक पडतो, पण जेवण बिघडत नाही. साजूक तुपाचा खमंगपणा मात्र त्यात शोधू नये. येथे एक दुहेरी लाभही आहे, कारण तुपातील संपृक्त मेद कमी झाल्याने एलडीएलवर होणारा परिणाम स्टेरॉलच्या परिणामात भर घालतो. उलट, जो माणूस एरवी कोरडी पोळी खातो, त्याने केवळ स्टेरॉलसाठी रोज तीस ग्रॅम मार्जरीन सुरू करणे म्हणजे नको त्या उष्मांकांची भर घालणे होय. त्याला बाटली बरी. दुसरी अडचण मात्रेची. दोन चमचे भरून पोळीला लावणारे फार थोडे. बहुतेक जण हात राखून एक पातळ थर देतात आणि मग दोन ग्रॅमऐवजी जेमतेम एक ग्रॅम पोटात जाते. पहिल्या काही दिवशी स्वयंपाकघरातील काट्यावर दहा ग्रॅम तोलून पाहावे, म्हणजे डोळ्यांना अंदाज येतो. 'लाइट' प्रकारात पाण्याचा अंश बराच असल्याने तो फोडणीला घालण्याच्या फंदात पडू नये. तडतड उडण्यापलीकडे काही साधत नाही. फोडणी आपल्या नेहमीच्या तेलाचीच करावी.

इथपर्यंत दोन्ही उत्पादने उत्तीर्ण होतात. प्रश्न पुढचा आहे आणि त्याचे उत्तर पाकिटावर मिळत नाही. कोलेस्टेरॉल उतरते हे खरे, परंतु त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी होतात का? हे थेट दाखवणारी एकही मोठी चाचणी या घटकांवर झालेली नाही. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन औषधांबाबत असा पुरावा भरपूर आहे. एझेटिमाइब नावाची गोळीही आतड्यातील कोलेस्टेरॉलचे शोषणच अडवते. ती स्टॅटिनच्या जोडीला दिल्यास झटक्यांचे प्रमाण थोडे कमी होते, हे २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवले. स्टेरॉलच्या बाबतीत मात्र आपण 'एलडीएल उतरले म्हणजे धोकाही उतरला असावा' या अनुमानावर चाललो आहोत. अनुमान तर्काला धरून आहे, पण ते अनुमानच आहे. पाकिटावरील वाक्यही नीट वाचावे : कोलेस्टेरॉल कमी होते असे सांगून 'वाढलेले कोलेस्टेरॉल हा हृदयविकाराचा एक जोखीम-घटक आहे' असे पुढे जोडलेले असते. या दोन अर्धवाक्यांना जोडून तिसरे वाक्य तयार करण्याचे काम ग्राहकाच्या मनावर सोपवलेले आहे.

या एका पोकळीमुळेच ब्रिटनमधील दोन आदरणीय संस्थांची भूमिका वेगळी दिसते. कोलेस्टेरॉलविषयी काम करणारी 'हार्ट यूके' ही धर्मादाय संस्था आहाराच्या इतर सुधारणांसोबत या पदार्थांची शिफारस करते. आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने मात्र २०१४ च्या सूचनांत हृदयविकाराच्या प्रतिबंधासाठी, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनाही, हे पदार्थ घेण्याचा सल्ला देऊ नये असे स्पष्टपणे म्हटले. एका बाजूला रक्तातील आकडा पाहिला जातो, दुसऱ्या बाजूला रुग्णाचे काय झाले हे पाहिले जाते. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनाने मधला मार्ग धरला : ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, पण एकूण धोका कमी किंवा मध्यम असल्याने औषधाची गरज नाही, त्यांनी रोज दोन ग्रॅम घेण्याचा विचार करावा. मला ही भूमिका सर्वांत समंजस वाटते आणि या परीक्षणातील माझा कौलही त्याच दिशेचा आहे.

यातून एक कठोर गोष्ट निघते. स्टॅटिन सुचवले असताना 'गोळी नको, त्यापेक्षा नैसर्गिक काहीतरी घेऊ' असे म्हणून बाटलीकडे वळणे हा सर्वांत वाईट सौदा आहे. मध्यम मात्रेतील स्टॅटिन एलडीएल तीस-चाळीस टक्क्यांनी उतरवते. त्याच्या जागी सात ते दहा टक्के घेऊन समाधान मानणे याला काटकसरही म्हणता येणार नाही. स्टॅटिन चालू असताना डॉक्टरांना सांगून जोडीला स्टेरॉल घेतले, तर मात्र दोन्ही परिणामांची बेरीज होते, कारण स्टॅटिन यकृतातील निर्मिती अडवते आणि स्टेरॉल आतड्यातील शोषण.

आपल्या लोकांसाठी आणखी एक मर्यादा महत्त्वाची आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकार तुलनेने लवकर येतो आणि त्यांच्या रक्त-अहवालांत बऱ्याचदा एलडीएलपेक्षा वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातील मेद), कमी एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल), पोटाचा घेर आणि मधुमेहाची चाहूल हे चित्र अधिक ठळक असते. या चित्रावर स्टेरॉलचा परिणाम फारसा होत नाही. ज्याचा खरा प्रश्न भात, साखर आणि बैठे काम यांचा आहे, त्याने रोज एक गुलाबी बाटली पिऊन कर्तव्य पार पडल्याचे समाधान घेऊ नये. अहवालातील एकूण कोलेस्टेरॉलचा एकच आकडा पाहून खरेदीला निघण्यापूर्वी खालच्या ओळीही वाचाव्यात.

सुरक्षिततेच्या बाबतीत चिंतेचे कारण थोडे, पण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांसाठी आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी हे पदार्थ आहारदृष्ट्या योग्य नसू शकतात, तसेच दिवसाला तीन ग्रॅमपेक्षा जास्त स्टेरॉल घेऊ नये, असा इशारा पाकिटावर असावा लागतो. जास्त घेतल्याने जास्त लाभ होतो, असेही नाही. कोलेस्टेरॉलबरोबर बीटा-कॅरोटीनसारख्या घटकांचे शोषणही काहीसे घटते. म्हणून गाजर, लाल भोपळा, पालक, आंबा यांपैकी काही ना काही रोज ताटात असावे, आणि आपल्याकडे ते अवघड नाही. मुलांचा मुद्दा मला अधिक व्यावहारिक वाटतो. अशा पेयांच्या बाटल्या आकाराने, रंगाने आणि चवीने मुलांच्या दह्याच्या पेयांसारख्याच दिसतात आणि ज्या घरात आजी-आजोबा व नातवंडे एकाच फ्रिजवर जगतात, तेथे त्या वरच्या कप्प्यात वेगळ्या ठेवणे इष्ट. फ्लोराचा डबाही सर्वांच्या पोळ्यांना सरसकट लावू नये. तो घरातील एका माणसासाठी आहे.

सिटोस्टेरोलेमिया नावाचा एक अतिशय दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. १९७४ मध्ये दोन बहिणींत तो प्रथम वर्णिला गेला. त्यात आतड्यातील पेशी स्टेरॉल परत फेकू शकत नाहीत आणि ते रक्तात साचून तरुण वयातच रक्तवाहिन्या खराब होतात. अशा रुग्णांनी हे पदार्थ पूर्णपणे टाळले पाहिजेत. इतरांच्या रक्तात स्टेरॉलची पातळी किंचित वाढते, ती घातक आहे असे सिद्ध झालेले नाही; मात्र कुटुंबात कोणाला कोवळ्या वयात झटका आला असेल किंवा स्नायुबंधांवर पिवळट गाठी असतील, तर आधी डॉक्टर आणि मगच दुकान.

किमतीकडे वळू. सहा बाटल्यांचा संच साधारण चार ते पाच पौंडांना पडतो. म्हणजे महिन्याला एका माणसामागे वीस-पंचवीस पौंड. इंग्लंडमध्ये औषधाच्या एका चिठ्ठीचे शुल्क ९.९० पौंड आहे आणि साठी ओलांडलेल्यांना तेही नाही. गोळीपेक्षा दुप्पट खर्चात गोळीच्या चतुर्थांश परिणाम, असा हा हिशेब आहे. औषधाची गरज नसलेल्याला तो लागू होत नाही, पण इतरांनी तो मांडून पाहावा. सुपरमार्केटांची स्वतःच्या नावाची तशीच पेये बरीच स्वस्त असतात आणि पाठीमागील तक्त्यात दिवसाच्या वाट्याला दीड ते अडीच ग्रॅमच्या दरम्यान स्टेरॉल किंवा स्टॅनॉल असेल, तर प्रसिद्ध नावासाठी जास्त मोजण्याचे कारण मला दिसत नाही. डब्याचा महिन्याचा खर्च सहसा बाटल्यांपेक्षा कमी येतो.

'तीळ, शेंगदाणे, बदाम यांत स्टेरॉल असतेच की, मग विकत कशाला घ्यायचे?' असे विचारले जाते. असते, आणि तीळ तर या बाबतीत श्रीमंत आहे : शंभर ग्रॅम तिळात सुमारे चारशे मिलिग्रॅम. पण मग दोन ग्रॅमसाठी रोज अर्धा किलो तीळ खावे लागतील, आणि संक्रांतीलाही कोणी तितके खात नाही. सामान्य आहारातून दिवसाला दोनशे ते चारशे मिलिग्रॅम मिळतात, शाकाहारात थोडे अधिक. राइस ब्रान तेल वापरले तर त्यात भर पडते. तरीही औषधी मात्रा गाठणे साध्या अन्नातून शक्य नाही, आणि या उत्पादनांचे अस्तित्व त्या एका कारणाने समर्थनीय ठरते. सुकामेवा, डाळी, ओट यांचे लाभ त्यातील तंतू आणि चांगल्या मेदांमुळे वेगळे मिळतातच.

ज्याचे एलडीएल मध्यम वाढलेले आहे, ज्याला औषध सुचवलेले नाही आणि ज्याला रोजचा नेम पाळता येतो, त्याला मी यांपैकी एक वस्तू घेऊन पाहण्यास सांगेन : पोळीला तूप लावणाऱ्याने डबा, इतरांनी बाटली. खरेदीपूर्वीचा रक्त-अहवाल जपून ठेवावा आणि नेमाने चार ते सहा आठवडे घेतल्यावर, आहारात व औषधांत दुसरा बदल न करता, पुन्हा तपासणी करावी. कोलेस्टेरॉलचे शोषण प्रत्येकात सारखे नसते. ज्यांच्या आतड्यातून ते जास्त शोषले जाते, त्यांच्यात उतार चांगला दिसतो, ज्यांचे यकृतच अधिक बनवते त्यांच्यात कमी. एलडीएलचा आकडा मूळ जागेवरून हललेला नसेल, तर ही खरेदी बंद करून त्याच पैशांत महिन्याचे बदाम-अक्रोड आणावेत आणि नवा अहवाल घेऊन डॉक्टरांची वेळ घ्यावी.